मुरलेलं पाणी

मामांच्या विहिरीचं पाणी पहिल्यांदा लाल झालं तेव्हा मी सातवीत होतो. लाल म्हणजे रक्तासारखं नव्हे. बिनदुधाच्या चहात पाणी जास्त पडलं तर होतो तसा रंग. मामीनं पोहरा वर घेतला, कळशीत ओतला, कळशीत डोकावली, मग रिकाम्या पोहऱ्यात डोकावली. गंज असेल म्हणून पोहरा राखेनं घासला आणि पुन्हा सोडला. पुन्हा तेच. वास मात्र गंजाचा नव्हता. गुऱ्हाळामागच्या डबक्याला येतो तसा आंबूस, जळकट वास होता.

वरच्या अंगाला कोसभरावर एक साखर कारखाना होता आणि त्याला नुकतीच मद्यार्काची जोड मिळाली होती. तिथलं मळीचं पाणी एका मातीच्या तळ्यात सोडत. तळ्याला अस्तर वगैरे काही नव्हतं, आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नव्हतं. जमीन काय, सगळं पोटात घेते.

मामांनी डिझेल इंजिन लावलं. तीन दिवस अहोरात्र उपसा झाला. तळ दिसला. मी आणि मामेभाऊ खाली उतरून पाट्या भरभरून गाळ दिला. चौथ्या दिवशी कपारीतून निवळ पाणी झिरपायला लागलं, मामीनं नारळ फोडला. दहाव्या दिवशी पोहऱ्यात पुन्हा चहा.

मामा कठड्यावर बसले होते. म्हणाले, ‘‘आरं, घाण हिरीत न्हाईच. हिरीच्या भोवतीनं मुरलीया. भांडं आसतं तर घासून काढलं आसतं.’’

कारखान्यांच्या रसायनांनी नासलेलं भूजल कसं स्वच्छ करतात, यावर पुढं मी बरंच काही वाचलं. त्यातलं निम्मं मामांच्या या बोलण्यात होतं. उरलेलं निम्मं फार खर्चिक आहे.

मराठीत ‘कुठंतरी पाणी मुरतंय’ असं म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, व्यवहारात काहीतरी खोट आहे. लोणचं मुरतं ते मात्र चांगलं. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा भिंतींवर वाचत आमची पिढी मोठी झाली. पाण्याबरोबर काय जिरतंय, हे त्या भिंतीवर लिहिलेलं नसायचं.

•

राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचं लहानसं गाव आहे. भारतात नासलेल्या भूजलाची कायदेशीर कहाणी सांगायची तर या गावाला वळसा घालून जाता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात ती इतक्या बारकाईनं आली आहे, की निकालपत्र वाचताना आपण एखाद्या गावाची बखर वाचतोय असं वाटतं.

१९८७च्या सुमारास हिंदुस्तान ॲग्रो केमिकल्स या कंपनीनं इथं ओलियम आणि सिंगल सुपर फॉस्फेट बनवायला सुरुवात केली. खरा घात झाला तो त्यानंतर. त्याच आवारात सिल्व्हर केमिकल्स नावाच्या भावंड कंपनीनं ‘एच ॲसिड’ काढायला घेतलं. नाव ॲसिडचं असलं तरी ही रंगधंद्यातली एक मधली पायरी आहे. कपाटातल्या डांबरगोळीत असतं ते नॅप्थलीन घ्यायचं, त्यावर गंधकाम्लाचे आणि नायट्रिक ॲसिडचे संस्कार करायचे, मग लोखंडाच्या भुकटीनं त्याचं क्षपण करायचं आणि शेवटी कॉस्टिकमध्ये शिजवायचं. यातून जे निघतं त्यापासून कापडाचे काळे, निळे, लाल रंग बनतात. बिछडीतलं एच ॲसिड फक्त निर्यातीसाठी होतं. पाश्चात्त्य देशांत ते बनवणं बंद पडलं होतं, गरज मात्र बंद पडली नव्हती. कापड तिथं रंगणार आणि घाण इथं राहणार, असा तो सौदा.

एकूण माल निघाला ३७५ टन. एवढ्याच मालामागे सुमारे ८,२५० घनमीटर विषारी सांडपाणी आणि सुमारे २,४४० टन गाळ निघाला. म्हणजे एक टन माल आणि साडेसहा टन गाळ! हा गाळ मुख्यतः जिप्समचा, काही लोखंडाचा. तो आवारात आणि आवाराबाहेर उघड्यावर टाकला होता. सांडपाणी मोकळं सोडलं होतं. पुढं चौकशी करणाऱ्यांच्या लक्षात आलं, की गंधकाम्लाच्या कारखान्याचं आम्लधर्मी पाणीही याच गाळावरून वाहत होतं. गाळाला जणू रोज आंघोळ घातली जात होती आणि आंघोळीचं पाणी जमिनीत जात होतं.

विहिरी काळवंडल्या. पाणी माणसांना चालेना, जनावरांना चालेना, पिकांनाही चालेना. संसदेत प्रश्न निघाला, मंत्र्यांनी कारवाई चालू असल्याचं सांगितलं. गावकरी अखेर असे उठले, की जिल्हाधिकाऱ्यांना १४४ कलम लावावं लागलं. जानेवारी १९८९मध्ये सिल्व्हर केमिकल्स बंद झाली. कारखान्याचं आयुष्य फारच थोडं. मुरलेल्या पाण्याचं आयुष्य तिथून पुढं सुरू झालं.

त्याच वर्षी ‘इंडियन कौन्सिल फॉर एन्व्हायरो-लीगल ॲक्शन’ ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयानं गाळ पुरून बंदिस्त करायला सांगितलं. २,४४० टनांपैकी ७२० टन बंदिस्त खड्ड्यात गेला. बाकीचा इकडंतिकडं पांगवला गेला होता, मातीत मिसळला गेला होता. मातीत मिसळलेला गाळ वेचून कसा काढणार? तांदळातले खडे वेचता येतात, तांदळात मिसळलेलं मीठ नाही.

नुकसानीचा हिशेब मांडायचं काम आलं नागपूरच्या ‘नीरी’कडे. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था हे तिचं पूर्ण नाव. १९५८मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संस्था म्हणून ती सुरू झाली, १९७४मध्ये तिचं आजचं नाव पडलं. देशात कुठंही जमिनीत विष गेलं की शेवटी नमुन्यांच्या बाटल्या नागपुरात येतात, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. नीरीच्या अहवालानं सुमारे ३५० हेक्टर जमीन बाधित धरली. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी न्यायमूर्ती बी. पी. जीवन रेड्डी आणि न्यायमूर्ती बी. एन. किरपाल यांनी निकाल दिला. ज्यानं घाण केली त्यानं नुसती भरपाई देऊन सुटायचं नाही, जमीन आणि पाणी पूर्ववत करण्याचा खर्चही त्यानंच सोसायचा. भारतीय कायद्यात हे तत्त्व पक्कं रोवलं गेलं ते बिछडीच्या विहिरींमुळे. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल पाठ असतो.

पूर्ववत करण्याची रक्कम ठरली ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये. ती भरायची टाळाटाळ सुरू झाली. अर्जावर अर्ज, फेरविचारावर फेरविचार. १८ जुलै २०११ रोजी न्यायालयानं वैतागून सांगितलं, की ही रक्कम ४ नोव्हेंबर १९९७पासून दरसाल १२ टक्के चक्रवाढ व्याजानं भरा, वर दहा लाख रुपये दाव्याचा खर्च द्या. कॅल्क्युलेटर घेऊन बसलो तर त्या दिवशीचा आकडा पावणेदोनशे कोटींच्या आसपास जातो. सावकारी व्याज कुणाला गोड लागत नाही, पण इथं मला ते अगदी न्याय्य वाटलं. कारण इतकी वर्षं जमिनीखालीही चक्रवाढच चालू असते. मुरलेलं दर पावसाळ्यात थोडं पुढं सरकतं, नव्या मातीत शिरतं, आणि आज जे एका विहिरीभोवती काढता आलं असतं ते दहा वर्षांनी दहा विहिरींभोवती काढावं लागतं.

•

उपसून का जात नाही? हे मला नीट कळावं म्हणून मी एक पोरखेळ केला. भट्टीची साधी वीट घेतली, कपड्यांच्या निळीची बाटली बादलीत ओतली आणि वीट आठ दिवस बुडवून ठेवली. मग बाहेर काढून नळाखाली धुतली. सुरुवातीला निळाई भसाभसा गेली. तासाभरात पाणी स्वच्छ. मग तीच वीट घमेल्यात स्वच्छ पाण्यात ठेवली. सकाळी पाणी निळं. ते बदललं. दुसऱ्या सकाळी पुन्हा निळं, पण फिकं. पंधराव्या दिवशी पाणी जवळजवळ पांढरं दिसायला लागलं तेव्हा मी परगावी गेलो. चार दिवस पाणी बदललं नाही. परत आलो तर घमेलं पुन्हा निळंशार.

बायको म्हणाली, ‘‘फोडून टाका ती वीट.’’ तेच तर. वीट फोडता येते, जमीन फोडता येत नाही.

जमिनीखाली याहून वेगळं काही होत नाही. वाळूतून पाणी भराभर वाहतं, म्हणून वाळूतली घाण उपशाबरोबर लवकर येते. पण वाळूच्या थरांत चिकणमातीच्या पट्ट्या असतात, खडकाला बारीक छिद्रं असतात. विष तिथं वर्षानुवर्षं हळूहळू शिरलेलं असतं आणि त्याच संथपणे परत येतं. पंप चालू असताना पाणी शुद्ध दिसतं. पंप थांबला की अहवालातला आकडा वर चढतो. या उसळीला इंग्रजीत वेगळं नाव आहे, पण घमेल्यातल्या निळाईनं मला जे शिकवलं ते त्या नावानं शिकवलं नसतं.

त्यातही काही रसायनं जात्याच खोडसाळ. ट्रायक्लोरोइथिलीन हे त्यांतलं एक. यंत्राच्या सुट्या भागांवरचं तेल-ग्रीस काढायला ते दशकानुदशकं वापरलं गेलं. पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड. तेल सांडलं तर भूजलावर तरंगतं तरी. हे पाण्याखाली जातं, खडकाच्या भेगेत दडून बसतं आणि तिथून थेंबाथेंबानं विरघळत राहतं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात याची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. त्या हिशेबानं एक लिटर ट्रायक्लोरोइथिलीन २९ कोटी लिटर पाणी मर्यादेपर्यंत आणून ठेवतं. एक बाटली आणि एक धरणाचा कोपरा, असं गणित.

या रसायनाशी मराठी घरांचा संबंध आपल्याला वाटतो त्याहून जवळचा आहे. सनीवेल, माउंटन व्ह्यू, सॅन होजे ही गावं आता आपल्याकडे कोथरूड-डोंबिवलीइतकी ओळखीची झाली आहेत. कुणाची तरी मुलगी, कुणाचा तरी भाचा तिथं असतोच. ही गावं ज्या सांता क्लारा परगण्यात येतात, तिथं ‘सुपरफंड’च्या यादीतल्या २३ दूषित जागा आहेत. अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही परगण्यात इतक्या नाहीत. १९८०मध्ये अमेरिकेनं सुपरफंडचा कायदा केला तो अशाच बेवारशी विषासाठी. चिप बनवणाऱ्या कारखान्यांचं बाहेरून रूप इस्पितळासारखं, धुराडं नाही, धूर नाही. पण द्रावणांच्या टाक्या जमिनीखाली पुरलेल्या, आणि त्या गळत होत्या. २०१२-१३च्या हिवाळ्यात गुगलच्या माउंटन व्ह्यूमधल्या काही इमारतींच्या हवेतही हे रसायन मर्यादेबाहेर सापडलं. कारखाने जाऊन काळ लोटला होता. खालच्या पाण्यातून वाफ वर येत होती.

तिथं जगातले उत्तमातले उत्तम पंप लागले. खेचा, गाळा, शुद्ध करा, सोडा. मामांचं डिझेल इंजिन, फक्त डॉलरमधलं. काय हाती लागलं? १९९४मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं असा उपसा चालू असलेल्या ७७ जागा तपासल्या. त्यांपैकी ६९ ठिकाणी ठरलेलं उद्दिष्ट गाठता आलं नव्हतं. त्याच परिषदेच्या २०१२च्या अहवालात तर किमान १,२६,००० जागांवर भूजल अजून काम थांबवण्याजोगं स्वच्छ झालेलं नाही, असं लिहिलं आहे. हे सांगणारा देश पैशानं कमी नाही आणि हुन्नरानंही नाही.

उपसा निरुपयोगी असतो असं मात्र नाही. तो विषाला पुढं सरकू देत नाही. वेसण म्हणून ठीक, औषध म्हणून नाही. आपल्याकडे कुठल्याही औद्योगिक वसाहतीजवळ ‘आम्ही बोअर उपसून शुद्ध करतोय’ असा अहवाल दिसला, की पंप बंद केल्यावर सहा महिन्यांनी काय निघालं, एवढं एकच विचारावं.

•

उपसून भागत नाही हे कळल्यावर माणसं दुसऱ्या वाटेनं गेली. विष बाहेर काढायचं नाही, आहे तिथंच त्याचा स्वभाव बदलायचा.

कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातलं हिंक्ली हे गाव २०००च्या ‘एरिन ब्रॉकोविच’ या सिनेमामुळे जगाला कळलं. तिथं पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीचं, पाइपलाइनमधल्या गॅसला दाब देणारं केंद्र आहे. केंद्रातल्या थंडावा देणाऱ्या मनोऱ्यांच्या पाण्यानं लोखंड गंजू नये म्हणून त्या पाण्यात क्रोमियम घालत. १९५२पासून साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत ते पाणी अस्तर नसलेल्या तळ्यांत सोडलं गेलं. पुन्हा तेच मातीचं तळं! १९९६मध्ये कंपनीनं रहिवाशांना ३३ कोटी ३० लाख डॉलर देऊन तडजोड केली. सिनेमा इथं संपतो. टाळ्या वाजतात, दिवे लागतात.

मला रस आहे तो दिवे लागल्यानंतरच्या गोष्टीत. पैसे वाटून झाले, पाणी होतं तसंच. क्रोमियमचं एक बरं असतं. त्याची दोन रूपं आहेत. सहा-संयुजी रूप पाण्यात विरघळतं, वाहतं आणि कर्करोगाला निमंत्रण देतं. तीन-संयुजी रूप बरंच निरुपद्रवी. ते मातीच्या कणाला चिकटून जागच्या जागी बसतं. सहाचं तीन केलं की काम झालं. त्यासाठी हिंक्लीत त्यांनी काय केलं असेल? लसूणघास लावली. आपल्या गोठ्यात दुभत्या म्हशीला घालतो तीच. दूषित पाणी पंपानं उपसून लसूणघासीच्या मुळाशी ठिबकनं सोडायचं. मुळांभोवती कुजणारा पालापाचोळा आणि त्यावर जगणारे जिवाणू असतात. त्यांच्या सहवासात सहाचं तीन होतं आणि क्रोमियम मातीत अडकतं. पाण्याचा दोष जातो आणि शेत हिरवं राहतं. जिथं विषाचा भर जास्त होता तिथं जमिनीत इथेनॉल टोचलं. इथेनॉल हे जिवाणूंचं खाणं. ते खाताना भूमिगत पाण्यातला प्राणवायू संपतो आणि क्रोमियमचं रूप पालटतं. फुकट काहीच नसतं: प्राणवायू संपला की मातीतलं मँगनीज सुटून पाण्यात येतं, त्यावर वेगळी नजर ठेवावी लागते.

क्रोमियम तिथं हळूहळू कमी होतंय. गाव मात्र राहिलं नाही. लोकांनी घरं विकली, बरीचशी कंपनीलाच. २०१३मध्ये शाळा बंद पडली. लसूणघास डोलतेय आणि दप्तर घेऊन जाणारं पोर नाही, असं ते चित्र आहे. सिनेमाचा दुसरा भाग कुणी काढला नाही, ते बरोबरच. त्यात काही घडत नाही. वर्षातून ठरलेल्या वेळी कुणीतरी येतं, नमुना घेतं, जातं.

•

लोखंडाची गोष्ट मला या सगळ्यात जास्त आवडते.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात १९८०च्या दशकात ग्लेन रेनॉल्ड्स नावाचा विद्यार्थी एक कंटाळवाणं काम करत होता. भूजलाचे नमुने घ्यायला कुठल्या पदार्थाची नळी वापरावी, हे तपासायचं. नळीनंच रसायन शोषून घेतलं तर नमुना चुकीचा येणार. प्लास्टिकच्या नळ्या शोषून घेत होत्या, ते अपेक्षित होतं. पण काही धातूंच्या सान्निध्यातही क्लोरीनयुक्त रसायनं गायब होत होती. धातू तर काही शोषत नाही! त्याचे मार्गदर्शक रॉबर्ट गिलहॅम यांच्या ध्यानात पुढं आलं, की इथं शोषण नव्हे, विघटन होतंय. लोखंड गंजताना इलेक्ट्रॉन सोडतं. ते इलेक्ट्रॉन ट्रायक्लोरोइथिलीनच्या अंगावरचे क्लोरीन सोडवतात, आणि मागे उरतात साधे हायड्रोकार्बन आणि मिठात असतो तो क्लोराइड.

१९९१मध्ये ओंटारिओतल्या बॉर्डन या लष्करी तळावर गिलहॅम आणि स्टेफनी ओहॅनेसिन यांनी जमिनीत एक भिंत पुरली. पाणी अडवणारी नव्हे, पाणी जाऊ देणारी. वाळू आणि लोखंडाचे कण, लोखंड २२ टक्के. लेथखाली किस साचतो, साधारण तशा जातीचं लोखंड. दूषित पाणी आपल्या ओढीनं वाहत येणार, भिंतीतून पाझरणार, पलीकडे निघणार. पंप नाही, वीज नाही, ऑपरेटर नाही. ९० टक्के ट्रायक्लोरोइथिलीन त्या भिंतीत नाहीसं झालं. १९९४-९५च्या हिवाळ्यात अशी पहिली व्यापारी भिंत उभी राहिली ती सनीवेलमध्ये, एका जुन्या चिप-कारखान्याच्या जागी. भिंत जमिनीखाली असल्यामुळे वरून दिसत नाही.

बिछडीत एच ॲसिड बनवताना वापरलेली लोखंडाची भुकटी काळा गाळ होऊन विहिरींवर उठली. बॉर्डनमध्ये तसल्याच लोखंडानं विष उतरवलं. लोखंड बापडं तेच आहे.

जिवाणूंचीही अशीच गंमत. १९९७मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी इथाका गावच्या मैलापाण्यातून एक जिवाणू वेगळा काढला. आपण प्राणवायूवर श्वास घेतो, हा क्लोरीनयुक्त द्रावणांवर घेतो. ‘डीहॅलोकोकॉइड्स’ असं त्याचं दातात अडकणारं नाव. परक्लोरोइथिलीनचे चारही क्लोरीन उतरवून तो शेवटी निव्वळ इथिलीन सोडतो, केळी पिकवणारा तो वायू. दुसरे जिवाणू ही शिडी अर्धीच उतरतात, आणि अर्ध्यात थांबलं तर मागे व्हिनाइल क्लोराइड उरतं, जे मूळ रसायनापेक्षा वाईट. औषधाचा डोस अर्धवट सोडण्याचा धोका इथंही आहे.

या जिवाणूंना पोसायला काय टोचतात? वनस्पती तेल, ताकातून निघणारा निवळीचा अंश, आणि मळी. हो, साखर कारखान्यातली मळी. पेनसिल्व्हानियातल्या विल्यम्सपोर्टला १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात जमिनीत मळी सोडून क्रोमियमचं पाणी सुधारलं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ हसत होतो. मामांची विहीर जिनं बुडवली, तीच तिकडं वैद्य म्हणून कामाला. फरक मापाचा आणि जागेचा. मोजून टोचली तर औषध, तळं भरून सोडली तर रोग.

आजी विहिरीत पोटॅश परमँगनेट टाकायची, पटकीच्या साथीत. सगळं पाणी जांभळं व्हायचं आणि आम्हाला त्याची मौज वाटायची. तेच जांभळं मीठ आता टनावारी विरघळवून जमिनीत सोडतात. ट्रायक्लोरोइथिलीनची राख करायला ते उत्तम. मात्र ते पोचेल तिथंच काम करतं, आणि चिकणमातीच्या पोटात ते सहज पोचत नाही. वीट पुन्हा आडवी येते.

•

आता आपल्या पायाखाली. बॉर्डनची जमीन म्हणजे सगळीकडे सारखी वाळू. पाणी कुठून येतं, कुठं जातं, याचा नकाशा टाकता येतो. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून जास्त भाग काळ्या पाषाणाचा आहे. वर माती, मग मुरूम, मग अखंड कातळ, त्यात भेगा, मध्येच लाल मातीचा पातळ थर, मध्येच उभ्या कातळभिंतीसारखी डाइक. पाणी या भेगांतून चालतं आणि भेगा कुणाला विचारून पडलेल्या नसतात. कारखान्याला लागून असलेली विहीर चांगली निघते आणि दोन किलोमीटरवरची नासते, हे यामुळे होतं. मग अधिकारी म्हणतात, ‘‘मधली विहीर चांगली आहे, म्हणजे घाण आमची नव्हे.’’ अशा कातळात लोखंडाची भिंत चर खणून घालता येत नाही. बोअरमधून काहीही टोचलं तरी ते कुठल्या भेगेनं जाईल याची हमी नाही. त्यात पावसाळा. चार महिन्यांत पाण्याची पातळी काही मीटर चढते, मुरमात अडकलेलं धुऊन घेते, उन्हाळ्यात उतरते. वर्षातून एकदा नमुना घेऊन काही कळत नाही. ऑक्टोबरचं पाणी आणि मेचं पाणी ही दोन वेगळी पाणी आहेत.

त्यातच काही उद्योगांनी सांडपाणी चक्क बोअरमध्ये सोडल्याचे प्रकार देशभर उघडकीला आले आहेत. तळ्यातून मुरायला निदान मातीची गाळणी असते. बोअरमध्ये सोडणं म्हणजे शिरेत सुई.

भोपाळचंही सांगायला हवं. युनियन कार्बाइडच्या आवारात गोणपाटांत, पिंपांत साठवलेला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५मध्ये बंद कंटेनरांतून पीथमपूरला नेला आणि जूनअखेरीपर्यंत जाळून झाला. चाळीस वर्षांचं ओझं उतरलं, असे मथळे आले. नीरी आणि हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेनं २०१०मध्ये त्या आवारातल्या दूषित मातीचा अंदाज केला होता तो ११ लाख टनांचा. पिंपातलं मोजता येतं, उचलता येतं, त्याचा फोटो निघतो. खालच्याचा निघत नाही.

जुलै २०२५मध्ये केंद्र सरकारनं दूषित जागांसाठी पहिल्यांदाच स्वतंत्र नियम काढले. जिल्हा प्रशासनानं दर सहा महिन्यांनी संशयित जागा कळवायच्या, राज्याच्या मंडळानं ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, दोषी सापडला तर खर्च त्याच्याकडून वसूल करायचा. त्या वेळी देशात १०३ दूषित जागांची नोंद होती आणि प्रत्यक्ष काम सुरू झालेल्या जागा होत्या सात. नियम उशिरा आले, पण आले. बिछडीच्या निकालाला तेव्हा एकोणतीस वर्षं उलटली होती. नियमांत मुदती आहेत, हे मला महत्त्वाचं वाटतं. पण त्या तपासणीच्या मुदती आहेत. स्वच्छतेला मुदत घालून दिलेली नाही, आणि घालता येणारही नाही.

•

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. मामा जाऊन बरीच वर्षं झाली. विहीर मामेभावाकडे आहे. पिण्याला नळयोजना आली, तरी विहिरीचं पाणी तो उसाला देतो, जनावरांना देत नाही. वरचं तळं आता वापरात नाही.

जेवण झाल्यावर त्यानं माडीवर नेलं. फडताळात काचेच्या बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या. शीतपेयाच्या जुन्या, बुचाच्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि निळ्या शाईत साल. दर दसऱ्याला विहिरीतून एक बाटली भरायची आणि इथं आणून ठेवायची. मामांना तो दादा म्हणायचा. कधी सुरू केलंस, असं विचारलं तर म्हणाला, ‘‘दादांनी लावली सवय. त्यांच्या सात हायत, बाकीच्या माझ्या.’’

डावीकडची पहिली बाटली चहाची. मग फिका चहा, मग पेंढ्याचा रंग. मधल्या एका सालाची एकदम पुन्हा गडद. ‘‘त्या साली पाऊस लई झाला,’’ तो म्हणाला. त्यानंतर पुन्हा हळूहळू फिकं. उजवीकडच्या चार-पाच मी खिडकीशी नेऊन उजेडात धरल्या. मला तरी त्यांतला फरक कळेना.

‘‘तपासायला दिलंस का कुठं?’’

‘‘दिल्यालं एकदा तालुक्याला. कागद आला. खारटपणा जास्त हाय म्हणालं, बाकी रंगाचा रकानाच न्हवता.’’

त्यानं बाटल्या माझ्या हातातून घेतल्या, धोतराच्या फडक्यानं पुसल्या आणि सालवार लावल्या. शेवटच्या बाटलीच्या उजवीकडं बोटभर धूळ साचली होती. ती त्यानं फुंकरीनं उडवली आणि तिथं पुढची बाटली मावेल एवढी जागा केली.